‘घरी बोला’ आणि तेरा आकडे

“काकांचा सामान्य माणसावर कधीच विश्वास नव्हता. त्यांच्या काळात आमच्या राउटरच्या पडद्यावर ग्राहकाला नाव आणि पासवर्ड यांखेरीज काहीही बदलता येत नसे. चॅनल निवडण्याचा साधा अधिकारही त्यांनी कुणाला दिला नव्हता. या हट्टाची झळ आमच्याच घराला लागली. ऐन वेळी नेटवर्क बसले आणि घरातल्या एका मुलीला आपल्या वडिलांचा अखेरचा चेहरा पाहता आला नाही. त्या धड्यानंतर आम्ही सगळी सेटिंग्ज ग्राहकांच्या हाती दिली.”

माझ्या पुतण्याने आपल्या उद्योगाच्या स्मरणिकेत हा मजकूर छापला आहे. शेजारी माझे छायाचित्र आहे. छायाचित्र बरे आले आहे. मजकूर खोटा आहे.

या वयात माणसाने वाद घालू नये, असे मला सगळे सांगतात. सांगणाऱ्यांत माझ्याशी वाद घालून हरलेल्यांचा भरणा मोठा असल्यामुळे तो सल्ला मी मनावर घेत नाही. पुतण्याने मला हटवादी म्हणावे, माझी ना नाही. माझ्या बहिणीने लग्नाच्या पंगतीत “दादाला बटनं द्यायला बी जीवावर येतंय” असे म्हणून चार माणसांना हसवावे, तेही मी ऐकून घेतले आहे. पण स्मरणिकेतली ‘घरातली एक मुलगी’ ही माझी नात आहे आणि ‘वडील’ म्हणजे माझा एकुलता मुलगा. नात हा मजकूर खरा मानते. ती दिवाळीला नांदेडला येते, वाकून नमस्कार करते, चहाचा कप माझ्यापुढे ठेवते आणि आत निघून जाते. मला आता कुणाकडून काही मिळवायचे उरलेले नाही. तिने एकदा तो कप ठेवून माझ्यासमोर बसावे, एवढेच उरले आहे. त्यासाठी हे लिहितो आहे.

विश्वासाचा विषय पुतण्याने काढलाच आहे, तर सुरुवात किल्लारीपासून केली पाहिजे. भूकंप झाला तेव्हा तो पाळण्यात होता, म्हणून त्याला हे ठाऊक नाही. आणि ठाऊक करून घेण्याची त्याला कधी गरज वाटली नाही.

मी त्या वेळी सरकारी नोकरीत, बिनतारी संदेशांच्या कामावर होतो. भूकंपाची बातमी आली तसे आम्हाला नांदेडहून वायरलेस संच घेऊन जीपने पाठवले. दुपारी पोहोचलो. गाव कुठून सुरू होते ते समजेना, कारण भिंती होत्या तिथेच होत्या, फक्त आडव्या झाल्या होत्या. त्यांवरून चालावे लागत होते आणि पायाखाली कोण असेल हे मनात येऊ न देता चालावे लागत होते. मी एकेका गावात एकेक संच दिला. कुठे शाळेच्या गुरुजींकडे, कुठे तलाठ्याकडे, कुठे मदतीला आलेल्या तरुणांकडे. प्रत्येकाला बजावून सांगितले की हे बटण दाबून बोलायचे, आणि हा गोल खुंटा मात्र फिरवायचा नाही, कारण त्याने चॅनल बदलतो. प्रत्येक गावाला स्वतंत्र चॅनल दिला आहे, त्यावर मी इथे बसून ऐकतो आहे.

संध्याकाळच्या आत सगळ्यांनी खुंटे फिरवले होते. वरिष्ठ अधिकारी ज्या चॅनलवर बोलत, त्यावर सगळे येऊन बसले. मूर्खपणाने नव्हे. आपल्या गावाचे म्हणणे साहेबाच्या कानावर आधी पडावे, असे प्रत्येकाला वाटले, आणि ज्याच्या गावात माणसे मातीखाली आहेत त्याला दुसरे काय वाटावे? पण बिनतारी वाट अशी असते की एका वेळी एकानेच बोलायचे. दोघे बोलले की दोघेही बुडतात. एक गुरुजी सांगत होते की भिंतीखालून बाईचा आवाज येतो आहे, जॅक पाठवा. मला त्यातले “बाई” आणि “बोलतीय” एवढेच ऐकू आले. त्यावर कुणी ताडपत्री मागत होता, त्यावर कुणी “कोण बोलतंय, कोण बोलतंय” असे विचारत होता, आणि साहेब सगळ्यांना गप्प बसा म्हणत होते, तेही कुणाला ऐकू जात नव्हते. मी संचाला कान लावून, दोन्ही हातांनी कानशिले दाबून बसलो होतो. गावाचे नाव ऐकू येईना. ते कळून जॅक पोहोचेपर्यंत बाईचा आवाज थांबला होता.

त्यानंतर मी जीप घेऊन गावोगाव फिरलो आणि प्रत्येक संचाचा खुंटा त्याच्या जागी आणून त्यावर दवाखान्यातली चिकटपट्टी लावली. एका तरुणाने मला अडवले.

“ओ वायरलेसवाले, ही पट्टी कामून लावून राहिले? खेळणं तुमच्या बापाचं हाय का?”

“बापाचं नाही, सरकारचं आहे,” मी म्हणालो. “आणि बोलायचं बटण उघडं ठेवलंय. ते दाब, आणि बोल.”

त्याने दाबले आणि बोलला. ऐकू गेले. पुढचे सगळे दिवस ऐकू गेले.

तेव्हा माझ्यावर ठपका ठेवण्यापूर्वी पुतण्याने हे समजून घ्यायला हवे होते, की मी खुंट्यावर पट्टी लावली, बटणावर नाही. वाट कोणती घ्यायची हे ज्याला सगळ्या वाटा दिसतात त्याने ठरवावे. बोलण्याचा अधिकार मात्र ज्याच्यावर प्रसंग आला आहे त्याच्या हातात असावा. मी जन्मभर एवढेच मानत आलो. याला अविश्वास म्हणायचे असेल तर म्हणा.

निवृत्त झालो तोवर लातूरचे रूप पालटले होते. जिथे भूकंपानंतर पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या होत्या, तिथून तासाभरावर आता शिकवण्यांची नगरी वसली. ट्यूशन एरियातल्या गल्ल्यांत घरागणिक होस्टेल, होस्टेलागणिक मेस, आणि प्रत्येक भिंतीवर मुलामुलींचे फोटो असलेले फलक: राज्यात पहिला, विभागात पहिली, जीवशास्त्रात पहिली, मुलींत पहिली, आमच्याकडे पहिल्याच वर्षी पहिला. एका मालकाने मला अभिमानाने सांगितले होते, “सर, दुसरा आलेल्याला आमच्या गल्लीत बोर्डावर जागा न्हाई. त्यो गावाकडं पेढे वाटंल.” अभ्यास टॅबवर आला, सराव परीक्षा टॅबवर आल्या, आणि प्रत्येक होस्टेलला वायफाय लागू लागले.

पुतण्या तेव्हा पुण्याची नोकरी सोडून नांदेडला परतला होता. वजिराबादेत एका दुकानाच्या माडीवर त्याने वर्कशॉप थाटले. बाहेरून राउटर आणायचे, त्यात आपली प्रणाली घालायची आणि होस्टेलांना बसवून द्यायचे, असा धंदा. राउटरची सेटिंग्ज फोनवर उघडली की जो पडदा दिसतो, त्यावर काय दाखवायचे आणि काय झाकायचे, हे ठरवण्याचे काम त्याने माझ्याकडे दिले. “काका, तुमच्याइतकं वायरलेस कुणाला कळतं?” असे तेव्हा म्हणाला होता. ते वाक्य स्मरणिकेत नाही.

मी जो पडदा आखला त्यावर मालकासाठी दोनच गोष्टी होत्या: नाव आणि पासवर्ड. चॅनल राउटरने स्वतः शोधायचा. चालू होताना तो आजूबाजूला कान देऊन ऐकायचा, शेजाऱ्यांनी कोणती वाट धरली आहे ते पाहायचा आणि त्यांच्यापासून दूरची, मोकळी वाट घ्यायचा. गर्दी झाली तर पुन्हा शोधायचा. त्यामुळे आमचे राउटर एका गल्लीत बसले की ते आपसांत फाकून बसत. शेजारशेजारचे दोन कधी एका आकड्यावर राहत नसत. हे मी माडीवर सगळीकडे राउटर मांडून करून दाखवले होते आणि पुतण्याने टाळी वाजवली होती.

आणि तिसरी एक गोष्ट मी आखली होती, जी मालकासाठी नव्हती. राउटरच्या डब्यावर बाहेरच्या बाजूला एक ठसठशीत बटण, त्याखाली अक्षरे: ‘घरी बोला’. होस्टेलातल्या कोणत्याही मुलाने किंवा मुलीने ते दाबले की राउटरने सर्वांत मोकळी वाट धरायची, होस्टेलातले बाकीचे सगळे व्हिडिओ आणि चाचण्या थोडा वेळ मागे सारायच्या आणि एकाच कॉलला पुढे जाऊ द्यायचे. पासवर्ड नको, परवानगी नको. सामान्य माणसाला मी काही दिले नाही म्हणणाऱ्याने या बटणाचे काय झाले ते सांगावे.

वायफायच्या वाटा, म्हणजे चॅनल, तेरा असतात. पुतण्याला ते तेराही पडद्यावर हवे होते.

“लोकांना निवड पाहिजे, काका. तेरा हायेत, तेरा दाखवू. ज्याला जो पाहिजे तो घेईल. आपोआप वाटून घेतील लोक.”

“एस.टी. स्टँडवर जागा वाटून घेतात का लोक? खिडकीतून रुमाल टाकतात.”

पुतण्याचा भागीदार कोपऱ्यात एका सर्किटला सोल्डरिंगचा डाग देत बसलेला होता. त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या रेडिओदुरुस्तीचे काम. नांदेडात त्याच्या वडिलांच्या दुकानाला मोठी इज्जत होती. तो मान वर न करता म्हणाला, “चाचा, आठ बँडचा रेडिओ घ्यायला लोक कंधारहून अब्बांच्या दुकानात यायचे. बँड मोजून घ्यायचे. घरी जाके सुनते एकीच स्टेशन. पण बँड कमी दिसला की उठलेच, दुकान के बाहर!”

“मग?”

“मग काय, बटनं दिसायला होना. चलते के नहीं चलते, वो बाद की बात.”

“ठीक आहे,” मी म्हणालो. “तेराही दाखवा. फक्त तारा जोडू नका.”

तो इतका हसला की डाग द्यायची काडी त्याला खाली ठेवावी लागली. पुतण्या हसला नाही. मला तेव्हाच समजायला हवे होते.

लातूरला एका मेसच्या हॉलमध्ये आम्ही होस्टेलमालकांना तो राउटर दाखवला. जेवणाच्या टेबलांवर मालक बसले होते. पुढे माझी नात ज्या होस्टेलात राहिली, त्याचा मालकही त्यांत होता. जळकोटकडचा शेतकरी माणूस, जमिनीचा तुकडा विकून तीन मजले उभे केलेला. हुशार आणि वाईट म्हणता येणार नाही असा.

“सर, ही ‘घरी बोला’ काय भानगड हाय?”

मी समजावून सांगितले.

“म्हंजे पोरगी कवाबी दाबणार अन् घरी बोलत बसणार? मग अभ्यास कवा? मायबाप आमच्याकडं पोरगी बोलायला न्हाई, डॉक्टर व्हायला ठिवतेत.”

“दिवसातून एकदाच चालेल, तेही थोडा वेळ.”

“सर, घरचं तोंड बघून एकदा का रडली, की दोन दिवस पुस्तक उघडत न्हाई. आमाला रोजचं हाय. तुमचं वायरलेस तुमाला ठावं, आमचं रडणं आमाला ठावं.” हॉलमध्ये हशा झाला. “अन् आमाला काय हाय ह्येच्यात?”

“नाव आणि पासवर्ड.”

“बस्स? मालक म्या, अन् मला दोनच? टीव्हीच्या रिमोटला बी लई बटनं हायेत की हो!”

पुन्हा हशा. पुतण्या त्यांच्याबरोबर हसत होता. काही दिवसांनी त्याने मला नवा पडदा दाखवला. तेरा आकडे एकाखाली एक मांडले होते; मालक ज्यावर बोट ठेवेल, त्यावर राउटर कायम राहायचा. ‘आपोआप’ हा शब्दही होता, पण सर्वांत खाली, बारीक अक्षरात, बोटाने सरकवत जाणाऱ्यालाच दिसेल असा. आणि डब्यावरचे बटण गेले होते. जिथे ते होते, तिथे त्याने आपल्या उद्योगाचे बोधचिन्ह चिकटवले होते.

“हे राउटरांत घातलंस?” मी विचारले.

“अजून नाही, काका. नुसता नमुना आहे.”

“घालू नकोस.”

“बघू.”

मी माझा चष्मा उचलला आणि खाली उतरलो. त्यानंतर त्या माडीचा जिना चढलो नाही. पुतण्या आजही शपथेवर सांगतो की तो नवा पडदा स्मरणिकेतल्या त्या दिवसानंतर राउटरांत घातला, आधी नाही. वाद असेल तर तो इथेच आहे, दुसरीकडे कुठेही नाही.

आता तो दिवस.

माझा मुलगा नांदेडला एका खासगी रुग्णालयात होता. दोन्ही फुप्फुसांत पाणी झाले होते. नात लातूरला, तिची परीक्षा तोंडावर आलेली, म्हणून तिला न बोलावण्याचा हुकूम मुलानेच सोडला होता. सकाळी डॉक्टरांनी सांगितले की नळी घालून यंत्रावर घ्यावे लागेल, आणि त्यानंतर ते शुद्धीवर येतीलच असे सांगता येत नाही. मुलीला बोलवायचे असेल तर बोलवा. बोलावणार कसे? आंदोलन पेटले होते, सगळे रस्ते अडवले होते, एस.टी. आगारात उभ्या होत्या आणि मोबाईलवरचे इंटरनेट सरकारने बंद केले होते. साधे फोन लागत होते. तारेचे इंटरनेट चालू होते. रुग्णालयात होते आणि होस्टेलांतही होते.

माझ्या मुलाच्या तोंडावर मास्क होता. त्याला बोलता येत नव्हते. त्याने हाताचा पंजा चेहऱ्यासमोर धरून त्यात पाहिल्यासारखे केले. तिला दाखव, असा त्याचा अर्थ. डॉक्टर म्हणाले, दाखवा, पण लवकर.

मी माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. सूनबाईच्या फोनवरून होस्टेलच्या रेक्टरबाईंना साधा कॉल लावून तो कानाशी धरला. मुलींचे फोन रेक्टरबाईंच्या कपाटात असतात; नातीचा फोन त्यांनी काढून दिला होता आणि माझा व्हिडिओ कॉल त्यावर जात होता.

“सर, पोरगी हितं उभी हाय,” रेक्टरबाई म्हणाल्या. “चाक फिरून राहिलंय नुस्तं.”

“राउटर बंद करून चालू करा.”

“केला की. दोनदा केला. तसंच हाय. पार समद्या गल्लीत बोंब हाय, सर, मोबाईलचं बंद झाल्यापून समदे वायफायवरच पडलेत.”

मी जो राउटर आखला होता, तो बंद करून चालू केला की नवी वाट शोधायचा. हा शोधत नव्हता.

“बाई, पडदा उघडा. चॅनल असं लिहिलेलं दिसतं का बघा. तिथं सगळ्यात खाली ‘आपोआप’ आहे, ते दाबा.”

“त्येला पासवर्ड मागतंय. त्यो मालकांपाशी हाय.”

“मालकांना विचारा!”

“मालक लग्नाला गेल्यात जळकोटला. फोन लावून लावून बोटं दुखली, सर. उचलंनात.”

“डब्यावर बटण आहे का बघा. बाहेरून. ‘घरी बोला’ म्हणून.” नाही हे मला ठाऊक होते. तरीही विचारले.

“बटन न्हाई. चिकटवलेलं चित्र हाय कसलंतरी.”

पुतण्याचा फोन लागेना. मी पुन्हा व्हिडिओ कॉल तोडून लावला. या वेळी क्षणभर लागला. मी फोन मुलाच्या चेहऱ्यासमोर धरला. त्याने डोळे मोठे केले, आणि मग सुया टोचलेला हात कसाबसा वर नेऊन आपल्या कानाची पाळी चिमटीत धरली. नात लहान असताना त्याला घरी यायला उशीर झाला की ती कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि हा दारातच कान धरायचा. तेव्हा कुठे ती त्याला आत येऊ द्यायची. तो कान धरून फोनकडे पाहत राहिला.

“दिसलं का बाळा?” मी ओरडलो. “बाबा कान धरतायत बघ!”

दुसऱ्या फोनमधून नातीचा आवाज आला. रेक्टरबाईंच्या हातातून तिने फोन घेतला असावा.

“आजोबा, मला पंखा दिसतोय.”

फोन चेहऱ्याकडे वळवण्याआधीचे, छताचे चित्र तिथे गोठून राहिले होते.

“थांब, येईल. थांब.”

“पंखाच दिसतोय, आजोबा. हलत पण नाहीये. बाबांना सांगा ना हात हलवायला.”

“हलवतोय गं तो. कान धरलाय त्याने.”

“मला दिसत नाहीये. आजोबा, करा ना काहीतरी. तुमचंच आहे ना हे?”

डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी आणखी एकदा लावला. आणखी एकदा. चाक फिरत राहिले. किल्लारीला संचाला कान लावून बसलो होतो तेव्हा निदान दोन शब्द तरी येत होते. इथे माझ्या हातात त्याहून कितीतरी शहाणे यंत्र होते, दोन्ही टोकांना धडधाकट तार होती, मुलगा पाहत होता, नात पाहत होती, आणि मधल्या शेवटच्या पंधरा पावलांत, राउटरपासून तिच्या हातापर्यंत, वाट बुजली होती. ती मोकळी कशी करायची हे त्या इमारतीबाहेर मला ठाऊक होते, आणि इमारतीत कुणालाही ठाऊक नव्हते, ठाऊक असते तरी करण्याची मुभा नव्हती. नर्सने मुलाचा हात कानावरून हळूच काढून अंथरुणावर ठेवला. दुपारी तो गेला.

त्याच दुपारी रस्ते उघडले, तसा नातीला आणायला मी निघालो. दुसऱ्याने जावे असे सगळे म्हणत होते. मी ऐकले नाही. भाड्याच्या जीपने पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. तिला काय सांगायचे हे वाटेत जुळवत होतो, पण सांगावे लागले नाही. ती जिन्यात पायरीवर बॅग घेऊन बसली होती. रेक्टरबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. तिने माझ्याकडे पाहिले.

“आजोबा, तुम्हीच बंद करून ठेवलं होतं ना सगळं? इथे कुणालाच काही बदलता येत नाही, असं आत्याआजी मागे म्हणाली होती.”

घरातल्या पंगतीतला विनोद असा कुठवर जाऊन पोहोचतो, हे माझ्या बहिणीने आता वाचावे.

मी तिची बॅग उचलली. जिचा बाप दुपारी गेला आहे, तिला चॅनल समजावून सांगायचा नसतो. माझ्या गप्प राहण्याचा अर्थ तिने कबुली असा घेतला, आणि तो अर्थ आज स्मरणिकेत छापून आला. रेक्टरबाई तिला तोंड धुवायला आत घेऊन गेल्या. मी गल्लीत येऊन उभा राहिलो. दोन्ही बाजूंना फलक, फलकांवर दिवे, दिव्यांखाली हसणारी मुले. वर प्रत्येक खिडकीत कुणीतरी मुलगी भिंतीकडे तोंड करून पाठांतर करत होती.

पुतण्या म्हणतो की त्या दिवशी गल्लीतले राउटर माझ्याच जुन्या पडद्यावर चालत होते, वाट ते स्वतःच शोधत होते, आणि म्हणून दोष माझा. तसे असते तर शेजारशेजारच्या दारांचे आकडे वेगळे असायला हवे होते. त्या वेळी गल्लीत बहुतेक सगळीकडे आमचेच राउटर होते. ते त्यानेच विकले होते आणि त्याचा त्याला अभिमान आहे. आजूबाजूच्या प्रत्येक राउटरचे नाव आणि त्याने धरलेला चॅनल दाखवणारे एक साधन माझ्या फोनमध्ये नेहमी असते. त्या संध्याकाळी जुन्या सवयीने मी ते उघडले आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो. होस्टेलांची नावे एकामागून एक येत गेली. देवांची, मालकांच्या मुलांची, गावांची. आमच्या राउटरच्या प्रत्येक नावापुढे चॅनलचा आकडा होता, आणि तो पहिल्या दारापासून शेवटच्या दारापर्यंत बदलला नाही: एक.